पोस्टकार्डाएवढी हवा : पायांच्या बळावर ताशी १४४ किलोमीटर

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला सायकलने जाणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव ठाऊक असतो. पावसाळ्याच्या दिवसांत जाताना अंजनेरीच्या पायथ्याशी पश्चिमेचा वारा असा अंगावर येतो की सपाट रस्तासुद्धा चढाचा वाटू लागतो, आणि परतताना तोच वारा पाठीशी घेऊन घरी पोहोचलेला माणूस आज आपण फार वेगात आलो असे समाधानाने सांगतो. त्याचा वेग खरा असतो. त्या वेगात त्याचा स्वतःचा वाटा किती आणि वाऱ्याचा किती, हे मात्र त्याला सांगता येत नाही. हा वाटा वेगळा काढून दाखवण्यासाठी जगाच्या एका कोपऱ्यात दरवर्षी केवढा खटाटोप केला जातो आणि त्यामागचे विज्ञान काय आहे, ते या लेखात समजून घेऊ.

अमेरिकेतील नेवाडा राज्यात बॅटल माउंटन नावाचे एक छोटे गाव आहे. भोवती खुरट्या झुडपांचे वाळवंट, दूरवर डोंगरांच्या रांगा, आणि गावातून दक्षिणेकडे निघणारा राज्यमार्ग क्रमांक ३०५. या रस्त्याचा एक लांबलचक पट्टा जवळजवळ सरळ आणि सपाट आहे, आणि तो समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. २००० सालापासून सप्टेंबर महिन्यात येथे केवळ मानवी बळावर चालणाऱ्या वाहनांच्या वेगचाचण्या भरतात. इंजिन नाही, बॅटरी नाही, पुढे वारा अडवणारी मोटार नाही; माणूस आणि त्याच्या पायांखालची पेडल, एवढाच ऐवज. १७ सप्टेंबर २०१६ रोजी कॅनडाच्या टॉड रायकर्ट यांनी ‘एटा’ नावाच्या वाहनातून याच रस्त्यावर ताशी १४४.१७ किलोमीटरचा वेग गाठला. महिलांमध्ये फ्रान्सच्या इलोना पेल्तिए यांनी २०१९ साली येथेच ताशी १२६.५२ किलोमीटरची नोंद केली. मुंबई-आग्रा महामार्गावर पिंपळगावच्या दिशेने निघालेल्या मोटारींचा वेग डोळ्यांसमोर आणला, तर पेडल मारणारा माणूस त्यांतल्या बहुतेकींना मागे टाकून गेला असता हे ध्यानात येईल.

हे वाचताना पहिला विचार मनात येतो तो असा की या माणसांचे पाय काही विलक्षण असले पाहिजेत. ते खेळाडू उत्तम असतात यात शंका नाही, पण विलक्षण गोष्ट दुसरीकडेच आहे. कसलेला सायकलपटू बराच वेळ टिकवून धरू शकेल अशी शक्ती साधारण ३०० वॅट असते, आणि शेवटच्या काही सेकंदांत जीव तोडून तो त्याच्या दुप्पट-तिप्पट देऊ शकतो. घरात चटणी वाटण्याचा मिक्सर ५०० किंवा ७५० वॅटचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे माणूस हे यंत्र म्हणून किती लहान आहे ते कळते. नेहमीच्या रेसिंग सायकलवर पुढे वाकून बसलेल्या माणसाला सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरचा वेग राखायला यातले अडीचशे वॅट तरी लागतात.

आता गणिताचा कळीचा भाग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. पण तो चौपट विरोध आता दुप्पट वेगाने ढकलत न्यायचा असतो, म्हणून लागणारी शक्ती आठपट होते. ताशी ४० वरून ताशी १४४ म्हणजे वेग ३.६ पट, ३.६ ला स्वतःनेच तीनदा गुणले की उत्तर ४६ च्या पुढे जाते. म्हणजे त्याच सायकलवर, त्याच पवित्र्यात, ताशी १४४ किलोमीटर जायचे तर ढोबळ हिशेबाने साडेअकरा हजार वॅट, म्हणजे पंधरा-सोळा अश्वशक्ती हवी. ११० सीसीच्या दोन स्कूटरांची इंजिने मिळून साधारण एवढी शक्ती देतात. कितीही व्यायाम केला आणि कितीही खुराक घेतला, तरी माणूस तिथे पोहोचणार नाही. शक्ती चाळीसपट वाढवता येत नसेल, तर विरोध तेवढा घटवण्याखेरीज मार्ग उरत नाही, आणि बॅटल माउंटनच्या वाहनांची सारी कथा या घटवण्याची आहे.

हवेचा विरोध मोजताना अभियंते एक सोयीची राशी वापरतात. वस्तूचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि तिचा आकार हवेला किती त्रास देतो याचा गुणांक, या दोहोंचा तो गुणाकार असतो; त्याला आपण ‘प्रभावी क्षेत्रफळ’ म्हणू. रेसिंग सायकलवर वाकलेल्या स्वाराचे प्रभावी क्षेत्रफळ साधारण ०.३ चौरस मीटर भरते, म्हणजे दोन्ही पाने उघडून धरलेल्या वर्तमानपत्राच्या आसपास. विक्रमी वाहनाचे प्रभावी क्षेत्रफळ एका पोस्टकार्डाएवढे असते. आत एक आख्खा माणूस पेडल मारत असतो आणि हवेला जाणवते ते एक पोस्टकार्ड. मला या साऱ्या विषयात इतकी सुंदर गोष्ट दुसरी वाटत नाही.

हवा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे हे कितीही सांगितले तरी वाचणाऱ्याला पटतेच असे नाही. गेल्या हिवाळ्यात मी घरातल्या दोन मुलांना घेऊन एक साधा प्रयोग केला. गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक सपाट तुकडा आम्ही निवडला आणि सूर्य उगवायच्या आत, वारा पडलेला असताना तिथे गेलो. मोठ्या मुलाने सायकलचा वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत नेऊन पेडल मारणे थांबवायचे, आणि वेग २० वर येईपर्यंत किती सेकंद लागतात ते धाकटीने मोजायचे, एवढेच काम होते. छाती ताठ ठेवून बसल्यावर अकरा सेकंद लागले. हँडलवर छाती टेकवून, कोपर आत घेऊन बसल्यावर सोळा. तीच सायकल, तोच मुलगा, तोच रस्ता, फक्त पाठ वाकली. रस्त्याला न दिसणारा उतार असेल तर तो एका दिशेला मदत करील आणि दुसऱ्या दिशेला आड येईल, म्हणून प्रत्येक फेरी दोन्ही दिशांनी करून आम्ही सरासरी काढली. मग त्याच्या जर्किनच्या पाठीवर लोकरीचे बोटभर लांबीचे धागे चिकटपट्टीने लावले आणि मी मागून स्कूटरवर बसून पाहत गेलो. खांद्यांवरचे धागे मागे सरळ झोपले होते. कमरेजवळचे मात्र वेड्यासारखे गोल फिरत होते, आणि त्यांतला एक तर चक्क पुढच्या दिशेला वळला होता. हवा पाठीला धरून वाहत आली होती, आणि पाठ संपताच तिचा हात सुटला होता.

हात सुटलेली ही हवाच सायकलस्वाराला मागे ओढते. धावत्या एसटीच्या मागे धूळ आणि पाचोळा गरगर फिरतो तो याच कारणाने. बसचा मागचा भाग सपाट कापलेला असतो, तिथे हवेला वळता येत नाही, मागे कमी दाबाचा पोकळ पट्टा तयार होतो आणि तो बसला सतत मागे खेचतो. त्या पाचोळ्याला फिरवायला लागणारी शक्ती डिझेलमधूनच जाते. म्हणून कमी वेगाच्या जगात आकाराचा महत्त्वाचा भाग पुढे नसून मागे असतो. ओझरच्या विमान कारखान्यावरून झेपावणारी सुखोई विमाने पाहून आपल्याकडे अनेकांचा समज होतो की टोकदार नाक म्हणजे वेग. ते टोक ध्वनीपेक्षा वेगात जाण्यासाठी असते. ताशी १४४ किलोमीटर हा ध्वनीच्या वेगाचा आठवा भागही नाही, आणि या वेगाला हवी असते पुढून गोलसर, मध्ये फुगीर आणि मागे हळूहळू निमुळती होत जाणारी काया. गोदावरीतल्या माशाची असते तशी.

या कायेत माणूस बसवायचा, तर त्याला उभा बसवून चालत नाही. तो जवळजवळ पाठीवर आडवा होतो, पाय पुढे करतो आणि पेडल त्याच्या पावलांसमोर येतात. अशा सायकलीला रिकम्बंट म्हणतात, आणि तिचा इतिहास सायकलशौकिनांना चुटपुट लावणारा आहे. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फॉर या खेळाडूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या आडव्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि १९१४ पासून उभा असलेला विक्रम मोडला. फॉर हा पहिल्या फळीचा खेळाडू नव्हता, त्यामुळे यश सायकलीचे होते हे सर्वांना दिसले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने सायकल कशाला म्हणावे याची व्याख्या अशी ठरवली की आडवी सायकल अधिकृत शर्यतींतून बाहेर गेली. संघटनेची अडचण मला समजते. खेळाडूंची तुलना करायची तर यंत्रे सारखी हवीत. पण त्या निर्णयाने माणसाच्या वेगाची खरी मर्यादा किती, या प्रश्नावरचे काम चार दशके रखडले असे माझे मत आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात चेस्टर काइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रश्न पुन्हा हाती घेतला. १९७६ साली मानवी बळावरच्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि तिने वाहनाच्या आकारावर बंधन न घालता केवळ शक्ती माणसाचीच असावी असा नियम केला. १९८६ साली फ्रेड मार्कहॅम यांनी ‘गोल्ड रश’ या वाहनातून ताशी ६५ मैलांची, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरची, सीमा ओलांडली. २००९ मध्ये सॅम व्हिटिंगहॅम ताशी १३३ च्या पुढे गेले, २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या विद्यार्थ्यांनी घडवलेल्या वाहनातून सेबास्टियान बोविएर यांनी १३३.७८ ची नोंद केली, आणि मग ‘एटा’ आले. एटा हे ग्रीक अक्षर अभियांत्रिकीत कार्यक्षमतेसाठी वापरले जाते. नाव विचारपूर्वक ठेवलेले आहे.

आडव्या माणसाभोवती कार्बन तंतूंचे कवच असते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत साच्यावर फायबरग्लासचे भाग काढणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही: आधी साचा, साच्याला आरशासारखी झिलई, मग कापडाचे थर आणि राळ. फरक आहे तो काटेकोरपणाचा. नळ अगदी हळू सोडला तर पाण्याची धार काचेसारखी स्थिर दिसते, आणि थोडा जास्त सोडला की तीच धार पांढरी, खळबळलेली होते. कवचाच्या पृष्ठभागालगत वाहणारी हवाही अशीच दोन तऱ्हांनी वाहते. काचेसारख्या प्रवाहाचे घर्षण खळबळलेल्या प्रवाहाच्या मानाने फारच कमी असते, म्हणून तो शक्य तितका मागपर्यंत टिकवणे हे रचनाकाराचे मुख्य काम. तो किती नाजूक असतो पाहा: दाराची उंचावलेली कड, एखादा ओरखडा, आपटून चिकटलेला किडा, एवढ्यानेही तो मोडतो आणि त्या ठिकाणापासून मागे खळबळ सुरू होते. म्हणूनच सुटण्यापूर्वी ही मंडळी कवच पुन्हा पुन्हा पुसत असतात आणि स्वार आत बसल्यावर सांध्यांवर चिकटपट्टी लावून बोट फिरवून पाहतात.

आतल्या माणसाची स्थिती सुखाची नसते. आपले शरीर अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचवते. बाकीची उष्णता होते. म्हणजे ३०० वॅट काम करणारा माणूस त्या बंद कवचात हजार वॅटच्या शेगडीसारखा तापत असतो, आणि हवा घ्यायला छिद्र पाडावे तर तेही प्रवाह बिघडवते. उच्छ्वासाने पुढची काच धुरकट होते. ‘एटा’मध्ये तर काचच नव्हती; स्वार बाहेर बसवलेल्या कॅमेऱ्याचे चित्र आतल्या पडद्यावर पाहून वाहन चालवत होता. पाय जमिनीला टेकवायची सोय नसल्यामुळे सुटताना मदतनीस वाहन उभे धरतात आणि काही पावले सोबत धावतात, तर दुसऱ्या टोकाला वेग उतरलेले वाहन झेलायला माणसे उभी असतात. गिअरचा प्रश्नही असाच अवघड. ताशी १४४ वेगाला मिनिटाला शंभर वेळा पाय फिरवायचे, तर पेडलच्या एका फेऱ्यात वाहनाने २४ मीटर पुढे गेले पाहिजे. नेहमीच्या रेसिंग सायकलीच्या सर्वांत जड गिअरला हे अंतर नऊ-दहा मीटर असते. त्यामुळे एका साखळीने भागत नाही, मध्ये आणखी एक टप्पा घ्यावा लागतो.

बॅटल माउंटनला चाचण्यांचा दिवस उजाडण्याच्या सुमारास सुरू होतो, कारण वाळवंटात वारा पडलेला असतो तो सकाळी आणि संध्याकाळी. दुपार दुरुस्तीत जाते. ठरलेल्या वेळेपुरती रस्त्यावरची वाहतूक थांबवली जाते आणि एकामागून एक, मध्ये काही मिनिटांचे अंतर ठेवून, वाहने सोडली जातात. वेग घेण्यासाठी सुमारे आठ किलोमीटरचा रस्ता मिळतो. हे अंतर जास्त वाटेल, पण वाहन आणि माणूस मिळून शंभर किलोच्या वर असलेले वजन या वेगाला आणायचे, तर छोट्या इंजिनाला वेळ द्यावाच लागतो. स्वार पहिली मिनिटे राखून चालतो, शक्ती हळूहळू वाढवत नेतो, आणि शेवटच्या किलोमीटरात उरलेले सगळे देतो. मोजणी होते ती त्यानंतरच्या फक्त २०० मीटरांत. ताशी १४४ ला हे अंतर कापायला पाच सेकंद लागतात. आठवडाभराचा मुक्काम आणि त्याआधीची कित्येक महिन्यांची तयारी या पाच सेकंदांसाठी असते.

वेग वाऱ्याचा की माणसाचा, हा त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावरचा प्रश्न इथे पुन्हा येतो, कारण बॅटल माउंटनचे सगळे नियम याच प्रश्नाचे उत्तर शोधताना तयार झालेले आहेत. मोजणीच्या पट्ट्यात वारा सेकंदाला १.६६ मीटरपेक्षा, म्हणजे ताशी सहा किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, असे बंधन आहे. सहा किलोमीटरचा वारा गालाला जेमतेम जाणवतो. पण ताशी १४४ ने जाणाऱ्याच्या पाठीशी तेवढा वारा असला, तर समोरून येणारी हवा १३८ चीच राहते आणि वर्गाच्या नियमाने विरोध आठ टक्क्यांनी घटतो. दुप्पट वारा असता तर सूट सोळा टक्के झाली असती, आणि विक्रम एकेका किलोमीटरने पुढे सरकत असताना एवढी सूट म्हणजे विक्रमच वाऱ्याच्या नावावर.

उताराचा नियम असा की रस्ता शंभर मीटरला सुमारे ६६ सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरता कामा नये. इथे वाचकाला पूर्ण हिशेब सांगितला पाहिजे, कारण अनेक वर्णनांत रस्ता ‘सपाट’ म्हणून सोडून दिला जातो. शंभर किलोंचे वजन या कमाल उतारावरून सेकंदाला ४० मीटर वेगाने जात असेल, तर गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे अडीचशे वॅटची मदत करते, म्हणजे जवळपास दुसऱ्या एका सायकलपटूएवढी. टायरांच्या घर्षणात त्यातले काही परत जाते, तरी मदत उरतेच. शिवाय १,४०० मीटर उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानाने साधारण आठव्या हिश्शाने विरळ असते. सहाशे मीटरच्या आसपास वसलेल्या आपल्या नाशिकला ती विरळ असते, पण याच्या निम्मीच. तेव्हा १४४.१७ हा आकडा या रस्त्याचा, या उंचीचा आणि या नियमांचा आहे, असे म्हणणे अचूक ठरेल. यात लबाडी मात्र नाही. मदत किती घेता येईल याची मर्यादा आधी जाहीर केलेली आहे, ती सर्वांना सारखी आहे, आणि त्या मर्यादेत कोण पुढे जातो हे मोजले जाते.

तुलनेसाठी दुसरा एक विक्रम पाहू. २०१८ साली डेनिस म्युलर-कोरेनेक यांनी युटामधील बोनव्हिलच्या मिठागरावर सायकलीवर ताशी २९६ किलोमीटरचा वेग गाठला. पेडल त्यांनीच मारली आणि धैर्य तर कल्पनेपलीकडचे. पण त्यांच्या पुढे शर्यतीची मोटार होती आणि तिच्या मागचे आवरण त्यांच्यासाठी वाट मोकळी करत होते. तिथे हवेचा विरोध मोटारीने अंगावर घेतला. बॅटल माउंटनला तो स्वाराच्या कवचाला सोसावा लागतो. दोन्ही आकडे एकाच यादीत मांडून १४४ ला लहान ठरवणारे लेख मी वाचले आहेत, आणि ती मांडणी मला चुकीची वाटते.

नाशिकला सायकलची आवड नवीन नाही. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी दोघांच्या गटात रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हापासून लांब पल्ल्याच्या सायकलिंगने शहरात मूळ धरले आहे. वेगाच्या अंगाने मात्र आपण फारसे काही केलेले नाही, आणि त्याला पैशाइतकेच रस्त्याचे कारण आहे. आठ किलोमीटर सरळ, एकसारखा, खड्डा आणि गतिरोधक नसलेला, काही मिनिटे पूर्ण बंद ठेवता येईल असा रस्ता आपल्याकडे मिळणे कठीण. पण कवचाचा आकार, प्रवाहाचा अभ्यास आणि वेग उतरण्याची मोजणी यांना आठ किलोमीटर लागत नाहीत. नेदरलँड्समधील डेल्फ्ट, इंग्लंडमधील लिव्हरपूल, फ्रान्समधील अनेसी येथील विद्यार्थ्यांनी बॅटल माउंटनला नेलेली वाहने आधी महाविद्यालयाच्या कार्यशाळेतच उभी राहिली होती. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हातांना असे काम मिळावे, असे मला मनापासून वाटते. आमचा धाग्यांचा प्रयोग फुकटात झाला. लोकर आजीच्या पेटीतली होती.

चाचणीच्या दिवशी मोजणीचा पट्टा ओलांडल्यावर स्वार पेडल सोडतो, वाहन बराच वेळ नुसते घरंगळत राहते, आणि वेग पुरेसा उतरला की झेलणारी माणसे दोन्ही बाजूंनी धावत येऊन त्याला धरतात. चिकटपट्टी सोलून कवच उचलले जाते आणि घामाने निथळणारा माणूस बाहेर येतो. प्रत्येक फेरीच्या नोंदीत त्याच्या नावापुढे दोन आकडे असतात, एक वेगाचा आणि एक वाऱ्याचा. वाऱ्याचा आकडा १.६६ च्या वर असेल, तर वेगाचा आकडा कितीही मोठा असला तरी विक्रमासाठी धरला जात नाही.